पदवी मिळाली, कागद कधी?

उन्हाळी परीक्षांचे निकाल लागू लागले की गुणवंतांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकतात, सत्कार होतात, पेढे वाटले जातात. त्यानंतरच्या आठवड्यापासून सुरू होणाऱ्या दुसऱ्या परीक्षेची मात्र कोठेच नोंद होत नाही. या परीक्षेला अभ्यासक्रम नाही, वेळापत्रक नाही आणि निकालाची तारीखही नाही. गुणपत्रिकेची मूळ प्रत, महाविद्यालयाची टी.सी., तात्पुरते पदवी प्रमाणपत्र, स्थलांतर प्रमाणपत्र, प्रयोगशाळेची अनामत, अडकलेली शिष्यवृत्ती, जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर, नावातील चूक दुरुस्त करणारे राजपत्र, अशी ही उत्तरपत्रिका लांबतच जाते. तीन-चार वर्षांत मिळवलेली पदवी कागदावर यायला कधी कधी आणखी वर्षभर जाते आणि तेवढ्या अवधीत नोकरीची जाहिरात येऊन निघून गेलेली असते.

शहरी वाचकाला हा प्रश्न किरकोळ वाटण्याचा संभव आहे. मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याला विद्यापीठ म्हणजे बसने तासाभराचा प्रवास. पण याच शहरांतील कार्यालयांत, कारखान्यांत आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत दिसणारा मोठा तरुणवर्ग ज्या जिल्ह्यांतून येतो, तेथे चित्र निराळे आहे. बुलढाणा हा त्यांपैकी एक. वऱ्हाडच्या पश्चिम टोकाला असलेला हा १३ तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५ लाख ८६ हजार. मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग मलकापूर, नांदुरा, शेगावमार्गे जिल्ह्याच्या उत्तर भागातून जातो, पण जिल्ह्याच्या मुख्यालयाला आजही रेल्वे नाही. खामगाव, शेगाव, बुलढाणा, चिखली, मेहकर, मलकापूर येथे महाविद्यालये वाढली, अभियांत्रिकीपासून फार्मसीपर्यंतच्या पदव्या गावाजवळ आल्या. परंतु पदवीनंतरचा कागद मात्र गावाजवळ आला नाही.

दोनशे किलोमीटरवरचा शिक्का

बुलढाण्याचे विद्यापीठ अमरावतीला. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाकडे पूर्वी सारा विदर्भ होता. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ वेगळे झाले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम हे आजचे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत आले. पुढे या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले, तर नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे. त्यामुळे १९८३ पूर्वी पदवीधर झालेल्या बुलढाण्याच्या शिक्षकाला निवृत्तिवेतनाच्या वेळी दुय्यम प्रत हवी असेल, तर त्याची नोंद नागपुरात शोधावी लागते. शिवाय जुन्या कागदावरचे विद्यापीठाचे नाव आणि आजचे नाव एकच आहे, हे परप्रांतातील कार्यालयाला समजावून द्यावे लागते ते वेगळेच.

नागपूरऐवजी अमरावती झाल्याने अंतर कमी झाले हे खरे. तरीही बुलढाणा ते अमरावती हे अंतर सुमारे दोनशे किलोमीटर आहे. देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा हे तालुके तर जालन्याला लागून आहेत. तेथील विद्यार्थ्याला छत्रपती संभाजीनगर जवळ, पुण्याचा रस्ताही सोयीचा. पण त्याचे विद्यापीठ उलट दिशेला. साहजिकच या भागातील पदवीधर पुढील शिक्षणासाठी मराठवाड्याच्या किंवा पुण्याच्या विद्यापीठाकडे वळतो. आणि विद्यापीठ बदलले की स्थलांतर प्रमाणपत्र आलेच. नव्या विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र त्याच्याशिवाय कायम होत नाही. प्रवेश ‘तात्पुरता’ राहतो.

अर्ज ऑनलाइन झाले, शुल्क घरबसल्या भरता येऊ लागले, ही सुधारणा मान्य केलीच पाहिजे. प्रश्न असा की, सरळ प्रकरणे ऑनलाइन सुटतात आणि त्रुटीची प्रकरणे खिडकीवर येतात. बैठक क्रमांकातील फरक, एखाद्या सत्राचे राखून ठेवलेले गुण, आईच्या नावातील एक अक्षर, एवढ्यासाठी विद्यार्थ्याला स्वतः जावे लागते. सकाळी गावातून निघालेला विद्यार्थी दुपारी पोहोचणार, तोवर संबंधित लिपिक जेवायला गेलेला किंवा रजेवर असणार. दुसरा दिवस मुक्कामाचा. पुण्यात दहा-बारा हजारांवर नोकरीला लागलेल्या मुलाला याच कामासाठी दोन-तीन दिवसांची बिनपगारी रजा आणि दोन रात्रींचा प्रवास परवडत नाही. मग तो कागद ‘नंतर बघू’ म्हणून राहून जातो. राहून गेलेल्या कागदाची किंमत पुढे चुकवावी लागते.

पात्रता एक, पुरावा दुसरा

या साऱ्या प्रश्नाच्या मुळाशी एक साधा गोंधळ आहे. पात्रता मिळवणे आणि पात्रतेचा पुरावा हाती असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने हा फरक १९८० मध्येच चार्ल्स स्कारिया प्रकरणात स्पष्ट केला होता. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाच्या त्या वादात न्यायालयाचा निष्कर्ष असा होता की, ठरलेल्या तारखेपूर्वी पात्रता प्राप्त झालेली असणे हा गाभा. तिचा दाखला त्याच दिवशी जोडलेला असणे ही कार्यपद्धतीची बाब. डॉली छंदा प्रकरणातही, माजी सैनिकाच्या मुलीच्या प्रमाणपत्रातील चूक ही तिची चूक नव्हे, असे मानून न्यायालयाने तिला न्याय दिला.

दुसरी बाजूही तेवढीच पक्की आहे. पात्रतेसाठी अर्जाची अंतिम तारीख हीच निर्णायक, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मधील रेखा चतुर्वेदी आणि १९९७ मधील अशोककुमार शर्मा प्रकरणांत ठामपणे मांडले. म्हणजे निकाल अंतिम तारखेनंतर लागला, तर उमेदवार अपात्र. विद्यापीठाने निकाल महिनाभर लांबवला म्हणून भरती मंडळ थांबत नाही. या दोन्ही तत्त्वांचा एकत्रित अर्थ असा निघतो की, कागद उशिरा मिळाला तर दाद मागता येईल, पण निकालच उशिरा लागला तर संधी गेली.

प्रत्यक्षात मात्र पहिल्या तत्त्वाचा लाभ घेण्यासाठीही न्यायालयात जावे लागते आणि खिडकीवरच्या लिपिकाला न्यायनिवाड्यांशी कर्तव्य नसते. त्याच्यापुढे तपासणी सूची असते. सूचीत ‘पदवी प्रमाणपत्र’ असे लिहिलेले असते आणि उमेदवाराच्या हाती गुणपत्रिका असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००८ च्या विनियमांनुसार विद्यार्थी पात्र ठरणे अपेक्षित असलेल्या तारखेपासून १८० दिवसांत पदवी प्रदान व्हायला हवी. हे सहा महिने म्हणजे कमाल मर्यादा आहे, परंतु आपल्याकडे कमाल मर्यादा हेच लक्ष्य होऊन बसते. दीक्षान्त समारंभासाठी प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळेपर्यंत हजारो प्रमाणपत्रे अडून राहावीत, हे कोणत्याच तर्कात बसत नाही.

विलंबाची किंमत किती असू शकते, हे २०१७ साली मुंबई विद्यापीठाने साऱ्या राज्याला दाखवून दिले. उत्तरपत्रिकांच्या संगणकीय तपासणीचा प्रयोग पुरेशा तयारीविना राबवला गेला, निकाल महिनोन् महिने रखडले, परदेशी व परराज्यांतील प्रवेश हुकले आणि अखेरीस ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. तो विषय राजधानीचा होता, म्हणून विधिमंडळात गाजला. एखाद्या तालुक्याच्या गावातील पंचवीस विद्यार्थ्यांचे निकाल राखून ठेवले जातात, तेव्हा त्याची बातमी जिल्हा पुरवणीच्या आतल्या पानावर संपते.

मूळ कागद ओलीस

विद्यापीठाच्या आधी महाविद्यालयाचा टप्पा असतो. टी.सी. मागायला गेलेल्या विद्यार्थ्यासमोर ना-देय प्रमाणपत्राचा कागद ठेवला जातो. ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, क्रीडा विभाग आणि शेवटी लेखा शाखा, अशा सह्या गोळा करायच्या. ग्रंथालयाची सही मिळते. लेखा शाखेत काम अडते. ‘तुमच्या शिष्यवृत्तीची रक्कम शासनाकडून जमा झालेली नाही, ती भरा आणि कागद घेऊन जा.’

कायद्याची स्थिती येथे स्पष्ट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये अधिसूचना काढून, कोणत्याही संस्थेने विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे स्वतःकडे ठेवून घेऊ नयेत, पडताळणी करून ती लगेच परत करावीत, असे बजावले. एप्रिल २०२३ च्या तक्रार निवारण विनियमांत तर कागदपत्रे अडवून ठेवणे ही तक्रारीची स्वतंत्र बाब म्हणून नमूद आहे. प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि प्रत्येक विद्यापीठात लोकपाल नेमण्याचे बंधन त्याच विनियमांनी घातले. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा आणि तेथे समाधान न झाल्यास लोकपालांकडे दाद मागायची, अशी ही व्यवस्था आहे.

मग महाविद्यालये कागद का अडवतात? केवळ अरेरावीने, असे म्हणणे सोपे आहे, पण अपुरे आहे. विनाअनुदानित संस्थांच्या उत्पन्नाचा मोठा भाग म्हणजे शासनाने मागासवर्गीय व आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांच्या वतीने द्यावयाची शुल्क प्रतिपूर्ती. ती वेळेवर येत नाही, तेव्हा प्राध्यापकांचे पगार थकतात. महाडीबीटी संकेतस्थळावरून सारे व्यवहार सुरू झाल्यापासून अर्जाची स्थिती दिसते, पण आधारशी जोडलेले बँक खाते बंद असेल, हजेरीची नोंद राहिली असेल किंवा महाविद्यालयाच्या लिपिकाने अर्ज पुढेच पाठवला नसेल, तर रक्कम अडकते. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के वाटा, असे सूत्र ठरल्यानंतर केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होऊ लागला. त्यातील शिक्षण शुल्क विद्यार्थ्याने संस्थेला द्यायचे असते. शेतमजूर कुटुंबाच्या खात्यात अचानक आलेली रक्कम पेरणीत किंवा दवाखान्यात खर्च झाली, तर नवल वाटायला नको. मग संस्था विद्यार्थ्याला थकबाकीदार ठरवते.

थोडक्यात, व्यवहार शासन आणि संस्था यांच्यातला. तारण मात्र विद्यार्थ्याचा कागद. संस्थेची थकबाकी खरी असेल तर ती वसूल करण्याचे अन्य मार्ग तिला खुले आहेत. शासनाकडे न मागता येणारे पैसे मुलाच्या टी.सी.वर वसूल करणे हा त्यांपैकी मार्ग नव्हे. आणि वेळेवर पैसे न देणाऱ्या शासनाने परिपत्रके काढून केवळ संस्थांना दटावणे, हेही प्रामाणिकपणाचे नाही.

कोतवाल बुकातील आजोबा

राखीव प्रवर्गातील पदवीधराच्या वाट्याला याहून खडतर टप्पा येतो, तो जात वैधतेचा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ मधील माधुरी पाटील निवाड्याने पडताळणीची चौकट घालून दिली. महाराष्ट्राने त्यावर स्वतंत्र कायदा केला आणि ऑक्टोबर २००१ पासून तो अमलात आला. खोट्या दाखल्यांवर जागा लाटण्याचे प्रकार पाहता या कायद्याची गरज निर्विवाद आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवैध दाखल्यावर मिळालेला लाभ टिकणार नाही, असे स्पष्ट केल्यावर तर त्याचे गांभीर्य आणखी वाढले.

परंतु पडताळणीचा आधार काय, हे पाहिले म्हणजे खऱ्या दाखलेधारकाची दमछाक कळते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव दिनांकांपूर्वीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा लागतो. म्हणजे आजच्या पदवीधराने आजोबा-पणजोबांचा कागद शोधायचा. ज्यांच्या घरात पहिली सही वडिलांनी केली, त्यांच्या आजोबांचा शाळेचा दाखला येणार कोठून?

वऱ्हाडात अशा वेळी आधार असतो तो कोतवाल बुकाचा. गावच्या कोतवालाने ठेवलेली जन्म-मृत्यूची ही नोंदवही तहसीलच्या अभिलेख कक्षात जीर्ण अवस्थेत का होईना, सापडते. ‘अमक्याला मुलगा झाला’ एवढ्याच नोंदीत वडिलांचे नाव आणि जात असते, मुलाचे नाव नसते. मग तो मुलगा म्हणजेच आपले आजोबा, हे वंशावळीने सिद्ध करायचे. इतिहासाचीही एक अडचण आहे. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजी अमलाखाली आला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, १९५० नंतर मध्य प्रदेशात होता, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. साहजिकच अस्सल कागदावर मध्य प्रदेशचा शिक्का आढळतो आणि विदर्भाबाहेरच्या कार्यालयात त्यावर शंका घेतली जाते.

जिल्हानिहाय पडताळणी समित्या झाल्यामुळे अनेकांची अमरावतीची वारी वाचली, ही स्वागतार्ह गोष्ट. अनुसूचित जमातींसाठी मात्र वेगळी समिती असून सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतील आदिवासी विद्यार्थ्याला अमरावतीच गाठावी लागते. ज्याचा प्रवास सर्वांत अवघड, त्याचेच कार्यालय सर्वांत दूर! प्रवेशाच्या काळात सरकार दरवर्षी मुदतवाढ देते; पण मुदतवाढ हे व्यवस्थेच्या अपयशाचे कबुलीपत्र असते, उपाय नव्हे.

एका अक्षराचा प्रश्न

कागद मिळाले तरी ते एकमेकांशी जुळावे लागतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. शाळेच्या दाखल्यावर ‘गजानन’ या नावात इंग्रजीत एक अक्षर कमी, पॅन कार्डावर एक अधिक. मराठी नावाचे इंग्रजी रूप शाळेतल्या लिपिकाने ठरवलेले असते आणि त्या लेखणीचे ओझे माणूस जन्मभर वाहतो. विवाहित मुलींचा प्रश्न अधिक बिकट. पदवी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने आणि नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र मात्र वडिलांच्या उत्पन्नावर. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्राने घेतला, तो योग्यच आहे. पण आजच्या पदवीधरांच्या कागदांतील विसंगती त्याने सुटत नाहीत. त्यांना राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून त्याची प्रत जन्मभर सांभाळावी लागते.

प्रतिज्ञापत्रांचा बडेजाव कमी करण्याचा निर्णय शासनाने २०१५ मध्ये घेतला. साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र आणि स्वसाक्षांकित प्रत पुरेशी मानावी, असे आदेश निघाले. तरीही तहसील कचेरीच्या आवारातील मुद्रांक विक्रेते आणि टंकलेखक यांच्यापुढची रांग संपली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये किमान मुद्रांक १०० रुपयांवरून ५०० रुपयांवर गेला. विद्यार्थ्यांची ओरड झाल्यावर मार्च २०२५ मध्ये महसूल मंत्र्यांनी शैक्षणिक व शासकीय दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांकातून सूट जाहीर केली. खरे तर जो कागदच मागायचा नाही असे दहा वर्षांपूर्वी ठरले, त्याच्या शुल्कावर चर्चा व्हावी, यातच सारे आले.

संगणकाने काय सुटले?

या प्रश्नावर तोडगा नाही असे नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संग्रह, अर्थात पदव्यांचे डिजिटल भांडार, २०२० पासून डिजीलॉकरवर आणण्यात आले. डिजीलॉकरमधील प्रमाणपत्र मूळ प्रतीइतकेच ग्राह्य, असे माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०१६ चे नियम सांगतात. विद्यापीठाने निकालाबरोबरच पदवी तेथे चढवली, तर बुलढाण्याचा विद्यार्थी पुण्यातील मुलाखतीत ती मोबाइलवर दाखवू शकतो. अमरावतीची फेरी वाचते, प्रमाणपत्र हरवण्याची भीती संपते आणि खोट्या पदव्यांना आळा बसतो.

अडचण येते ती दोन ठिकाणी. विद्यापीठाने प्रमाणपत्र चढवले नसेल, तर विद्यार्थ्याच्या लॉकरमध्ये रिकामी जागा दिसते. आणि चढवले असेल तरी समोरचा अधिकारी ‘मूळ प्रत आणा’ म्हणतो. शिवाय संगणक चुकीची माहितीही तितक्याच तत्परतेने छापतो. जानेवारी २०२५ मधील दीक्षान्त समारंभानंतर मुंबई विद्यापीठाच्या अनेक प्रमाणपत्रांवर बोधचिन्हातील ‘मुंबई’ हेच नाव इंग्रजीत चुकीचे छापले गेल्याचे उघड झाले आणि विद्यापीठाला ती बदलून द्यावी लागली. विद्यापीठाची चूक विद्यापीठ विनाशुल्क दुरुस्त करते. विद्यार्थ्याच्या नावातील चूक, मग ती कोणाचीही असो, विद्यार्थ्याने सिद्ध करायची.

व्यावसायिक पदव्यांना आणखी एक पायरी असते. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधराला राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी मिळाल्याशिवाय औषधनिर्माता म्हणून काम करता येत नाही. विधी पदवीधराला महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेची सनद लागते. दोन्ही कार्यालये मुंबईत. सनदेच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी दिलेला निर्णय दिलासादायक आहे. वकील कायद्यात नमूद असलेल्या ७५० रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांपेक्षा, अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. निरनिराळ्या नावांखाली हजारो रुपये घेण्याच्या प्रथेला त्यामुळे लगाम बसला. हेच तत्त्व विद्यापीठांच्या ‘तातडीच्या’ शुल्कांनाही लावून पाहण्यासारखे आहे.

विद्यार्थ्याने काय करावे?

व्यवस्था सुधारेपर्यंत विद्यार्थ्याला स्वतःचा बचाव करणे भाग आहे. त्याची सुरुवात निकालानंतर नव्हे, तर शेवटच्या वर्षाच्या आरंभी व्हायला हवी. नावातील फरक अंतिम परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी दुरुस्त करावा, कारण पदवीवर त्याच अर्जातील नाव उतरते. जात वैधतेचा अर्ज पदवीपर्यंत लांबवू नये. शिष्यवृत्तीचे सर्व हप्ते जमा झाले की नाही, हे महाविद्यालयात जाणे-येणे चालू असतानाच तपासावे. टी.सी. आणि स्थलांतर प्रमाणपत्र जमा करण्यापूर्वी त्यांच्या स्वच्छ प्रती करून ठेवाव्यात, कारण मूळ प्रत पुढच्या संस्थेत जमा होते. शैक्षणिक कर्ज असेल तर निकालाची माहिती बँकेला द्यावी. अभ्यासक्रम संपल्यावर साधारणतः वर्षभराची हप्तेसवलत असते, तिचा हिशेब त्यावर ठरतो.

कागद अडला तर तोंडी विनवण्या करण्यापेक्षा लेखी अर्ज करून पोच घ्यावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवेसाठी कालमर्यादा, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलाची उतरंड ठरलेली असते. विलंब झाल्यास तीस दिवसांत पहिले अपील करता येते, त्यानंतर दुसरे, आणि शेवटी थेट आयोगाकडे दाद मागता येते. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठेही ‘सार्वजनिक प्राधिकरण’ या व्याख्येत येतात. तेव्हा प्रत्येक महाविद्यालयाच्या दर्शनी भागात कोणता दाखला किती दिवसांत आणि न मिळाल्यास कोणाकडे जावे, याचा फलक असायला हवा. माहिती अधिकाराचे हत्यारही आहेच. आपल्या अर्जावर कोणत्या टेबलावर किती दिवस गेले, हा प्रश्न विचारला की पुष्कळदा कागदच उत्तर म्हणून येतो.

कागदांची वाहतूक कोणी करायची?

बारकाईने पाहिल्यास या साऱ्या कागदांतील बहुतेक माहिती आधीच शासनाच्या एका ना एका विभागाकडे असते. गुण विद्यापीठाकडे, उत्पन्न महसूल खात्याकडे, जात समाजकल्याण किंवा आदिवासी विभागाकडे, शिष्यवृत्ती महाडीबीटीकडे. एका खात्याची माहिती दुसऱ्या खात्याला पोहोचवण्याचे काम मात्र विद्यार्थ्याच्या पायांवर टाकलेले आहे. शासनाच्या दोन कार्यालयांमधला बिनपगारी टपालवाला, अशी पदवीधराची अवस्था होते. ही वाहतूक कार्यालयांनी आपसांत करावी, एवढीच मागणी आहे. निकालाच्या दिवशीच तात्पुरते पदवी प्रमाणपत्र आणि स्थलांतर प्रमाणपत्र डिजीलॉकरमध्ये देणे, त्रुटींच्या प्रकरणांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्यातून एकदा विद्यापीठाने शिबिर घेणे, शिष्यवृत्तीची थकबाकी शासन व संस्था यांच्यातच मिटवणे, यांतील कोणत्याही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

मग हे होत का नाही? कारण ज्यांना त्रास होतो त्यांचा आवाज विखुरलेला असतो. पदवीधराला आपल्या लोकशाहीने एक वेगळे मत दिले आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते. विधान परिषदेच्या अमरावती विभाग पदवीधर मतदारसंघात हेच पाच जिल्हे येतात. फेब्रुवारी २०२३ मधील निकालात तेथून बुलढाण्याचेच धीरज लिंगाडे निवडून आले. माजी राज्यमंत्री रणजित पाटील पराभूत झाले. पाच जिल्ह्यांतील पदवीधरांची संख्या पाहता या मतदारसंघात नोंदणी अल्पच असते. त्याचे एक कारण असे की, ही यादी प्रत्येक निवडणुकीच्या वेळी नव्याने तयार होते आणि पदवी घेऊन तीन वर्षे झालेल्या प्रत्येकाने पुन्हा अर्ज करून, पदवीचा पुरावा जोडून नाव नोंदवावे लागते. म्हणजे मतदानाच्या हक्कापुढेही तोच कागद उभा! २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडले जातात, तेथेही स्थिती फारशी वेगळी नाही.

ज्या संताने भाकरी हातावर घेऊन खा, पण पोरांना शाळेत घाला, असे आयुष्यभर सांगितले, त्यांच्या नावाचे विद्यापीठ या पाच जिल्ह्यांना लाभले आहे. त्यांचे ऐकून आई-बापांनी पोटाला चिमटा घेतला आणि मुलांना पदवीपर्यंत नेले. आता उरलेले काम विद्यापीठाचे, महाविद्यालयांचे आणि शासनाचे आहे. ते वेळेत होत नसेल, तर ज्यांच्याकडे पदवीधरांची मते मागण्याचा अधिकार आहे, त्यांना पुढच्या वेळी दारात आल्यावर एकच प्रश्न विचारला पाहिजे: निकालानंतर किती दिवसांत कागद देणार?